फिलिमोने मामाचा तांबुआ

माझ्या मामाला कुणाला नाही म्हणता येत नसे. तसं ते आमच्या बेटावर कुणालाच येत नाही. शेजारी दारात येऊन बसला, इकडचं तिकडचं दोन शब्द बोलला आणि तुझी कुऱ्हाड दे म्हणाला, की कुऱ्हाड गेली. पण बाकीचे लोक देताना मनातल्या मनात चार शिव्या तरी हासडतात. फिलिमोने मामा वर विचारायचा, धार लावून देऊ का?

मी तर त्याचा भाचा. बहिणीच्या मुलाने मामाच्या घरातलं काहीही उचलावं आणि मामाने नुसतं बघत राहावं ही आमच्याकडची रीत, आणि ती मी मनापासून पाळली. मामाचे दोन सदरे, एक रेडिओ आणि एक चांगलं पोसलेलं डुक्कर मी न विचारता नेलं. रुसिला मामी म्हणायची, वादळ तरी चार वर्षांतून एकदा येतं, हा मेला रोज येतो. आणि म्हणता म्हणता माझ्यापुढे नारळाच्या दुधातला मासा वाढायची.

यांगोना म्हणजे मुळ्या कुटून पाण्यात कालवलेलं आमचं पेय; मामा ते कालवायच्या पायांच्या लाकडी पराती कोरायचा. वेसीचं लाकूड इतकं टणक की नवा माणूस दोन घावांत वाकस टाकून देतो. मामा सकाळी छपराखाली बसला की दुपारपर्यंत उठत नसे. माप घ्यायला कोपरापासून बोटापर्यंतचा हात, दुसरं काही नाही. काम करताना तो चर्चमधली भजनं गायचा, आणि ती इतकी बेसूर की गायकांच्या प्रमुखाने त्याला रविवारी फक्त ओठ हलवायची परवानगी दिली होती. मामाने तीस वर्षं इमानाने ओठ हलवले.

त्याला मुलगा एकच, कालिवाती. माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा. मामेभाऊ म्हणजे आमच्याकडे थट्टेचं नातं, एकमेकांना वाटेल ते बोलायचं, वाटेल ते मागायचं आणि रागवायचं नाही. आता पुढचं सांगायला जीभ जड होते, पण ते सांगितल्याशिवाय मामा कळणार नाही.

न्यूझीलंडला फळबागांच्या कामाला गावातून दरवर्षी चार जण जात. नावं गावची समिती ठरवी. त्या वर्षी माझं नाव आलं आणि कालिवातीचं कापलं गेलं, कारण त्याने दारू पिऊन चर्चची होडी खडकावर घातली होती. माझं पारपत्र तयार होऊन आलं. पण मला जायचं नव्हतं. गावातलं पोस्ट सांभाळणारा म्हातारा निवृत्त होणार होता आणि ती खुर्ची मला हवी होती. कालिवाती किनाऱ्यावर माझ्याजवळ येऊन बसला. थोडा वेळ पाण्यात खडे मारले आणि म्हणाला, "नेतानी, तुझं ते निळं पुस्तक दे ना."

मी दिलं. कोयता द्यावा तसं दिलं. आमची दोघांची नाकं एकाच आजोबांची, चपटी आणि रुंद. फोटोकडे बघणारा नाकाच्या पुढे गेलाच नसणार. मामाला आणि गावाला आम्ही सांगितलं की ऐन वेळी वरच्या कचेरीने यादी बदलली आणि कालिवातीला घेतलं. मामाने डुक्कर कापलं, सगळ्या गावाला जेवण घातलं.

माझं नाव घेऊन तो गेला, आणि वर्षभरात पोस्टाची खुर्ची मला त्याच नावावर मिळाली. सरकारच्या एका वहीत मी परदेशी कामाला गेलेला आणि दुसऱ्या वहीत मी त्याच सरकारची तिकिटं विकत बसलेला. याचं आम्हा दोघांना फोनवर फार हसू येई. "काय नेतानी, कसा आहेस?" मी विचारायचो. "मी बरा आहे, तू काम चोख कर, माझं नाव खराब करू नकोस," तो म्हणायचा. मग मी धावत जाऊन मामा-मामीला बोलावून आणायचो आणि मामा फोनमध्ये असा ओरडायचा की जणू न्यूझीलंडपर्यंत आवाज त्यालाच पोचवायचा होता.

हंगाम संपला, पण कालिवाती परत आला नाही. दुसऱ्या बागेत काम धरलंय म्हणाला. म्हणजे आता वहीत मी पळालेला होतो. तिसऱ्या वर्षी त्याचे फोन थांबले.

त्यानंतर चारेक महिन्यांनी महिन्याच्या बोटीने एक सरकारी पाकीट आलं. वर लिहिलं होतं, नेतानी याच्या कुटुंबीयांना. आत एकच ओळ होती की आपल्या माणसाविषयी तातडीने संपर्क साधावा. मला वाटलं, पकडायला बोलावतायत. नोकरी जाणार, तुरुंग होणार. मी ते पाकीट पोस्टामागच्या चुलीत घातलं आणि वर भांडं ठेवून चहा केला. तो चहा मी प्यायलो.

मामी पुढच्या पावसाळ्यात गेली. शेवटचा आठवडा ती दर बोटीचं विचारत होती. तिच्या मयतीलाही मुलगा आला नाही तेव्हा गाव नाही नाही ते बोललं. तिकडे गोरी बायको केली असेल, आईबाप विसरला असेल. छपराखाली बसून मामा एकच परात महिनाभर तासत राहिला, तळ इतका पातळ झाला की शेवटी भोक पडलं.

त्या वर्षीच्या जुलैत हेनिंग आणि बिर्गिट आले. दोघं डेन्मार्कची, साठीतली, तांबड्या शिडाच्या बोटीतून जग फिरणारी. वादळांचे महिने न्यूझीलंडमध्ये काढायचे आणि जून-जुलैत, म्हणजे इकडच्या थंडीत, आमच्याकडच्या बेटांवर यायचं असा त्यांचा क्रम होता. आलेल्या बोटवाल्याने सरदारासमोर यांगोनाच्या मुळ्यांची जुडी ठेवायची, मग सरदार त्याला एक घर नेमून देतो, आणि तिथून पुढे तो त्या घरचा. सरदाराने त्यांना मामाचं घर दिलं. मला वाटतं, घर रिकामं रिकामं दिसत होतं म्हणूनच दिलं असावं.

ती दोघं आली होती तीन दिवसांसाठी. दुसऱ्याच दिवशी वाऱ्याने नांगर सुटला, बोट प्रवाळावर बसली आणि सुकाणू मोडलं. मामाने जाऊन पाहिलं, कोपराने माप घेतलं आणि वेसीचं नवं सुकाणू कोरायला बसला. त्याला सात आठवडे लागले. तीन आठवड्यांत झालं असतं, असं मी तेव्हाही म्हणायचो. मामा म्हणायचा, लाकूड ओलं आहे. लाकूड ठणठणीत वाळलेलं होतं.

हेनिंगला आमची भाषा येत नव्हती आणि मामाला त्याची. दिवसभर दोघं छपराखाली बसायचे, एक तासायचा, दुसरा घासायचा. हेनिंगला मांडी घालता येत नसे. गुडघे कानाजवळ घेऊन तो नाकतोड्यासारखा बसायचा आणि गावातली पोरं ते बघायला यायची. मामा गाऊ लागला की हेनिंगही गायचा, त्याहून बेसूर. एवढ्या वर्षांत कुणीतरी आपल्याबरोबर गातंय याचा मामाला इतका आनंद झाला की त्याने त्याला रविवारी चर्चमध्ये शेजारी बसवलं, आणि दोघांनी मिळून ओठ हलवले. बिर्गिट बायकांकडून चटई विणायला शिकली. संध्याकाळी ती कसावा सोलता सोलता मला मामीविषयी, कालिवातीविषयी विचारायची. भिंतीवरच्या त्याच्या फोटोपुढे ती बराच वेळ उभी राहायची. तिला स्वतःला मूल नव्हतं.

त्यांच्या निघण्याच्या दिवशी सकाळी मामाने पेटी उघडली आणि तांबुआ बाहेर काढला. व्हेल माशाचा दात, नारळाच्या दोरीत ओवलेला, पिढ्यान्‌पिढ्या तेल लावून मधासारखा झालेला. घरातले बाकीचे लग्नकार्यात, मयतीत देऊन झाले होते, हा शेवटचा. तांबुआ पुढे करून जे मागितलं जातं ते साधं मागणं नसतं. समोरच्याने तो घेतला की काम त्याच्या अंगावर पडलं. नंतर आठवण करून द्यायची नाही, विचारायचं नाही. काम झालं नाही तर त्यानेच तो परत आणून द्यायचा.

मामा चटईवर बसला, दात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "माझा मुलगा तुम्ही जाता त्या बाजूला आहे. त्याला घरी आणा. जसा असेल तसा आणा."

मी इंग्रजीत सांगितलं. दात घेतला तर काय होतं तेही नीट सांगितलं, काही लपवलं नाही. हेनिंगने बिर्गिटकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने दोन्ही हातांनी तो घेतला आणि आमच्यासारख्या, तळवे वाटीसारखे करून, स्वीकाराच्या टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला. मग त्याने खिशातून वही काढून मला मुलाचं पूर्ण नाव विचारलं.

मी कालिवातीचं नाव सांगितलं.

दुसरं नाव माझ्या जिभेवर होतं. तिकडे त्या नावाने विचारलं असतं तर आठ दिवसांत पत्ता लागला असता. मला ठाऊक होतं. मामा माझ्याकडे बघत होता, सगळं गाव बघत होतं, पोस्टाची किल्ली माझ्या कमरेला होती. मी स्पेलिंग नीट सांगितलं आणि फोटो भिंतीवरून काढून दिला.

पुढची दोन वर्षं त्यांची काही खबर नव्हती. मामा पोस्टाकडे फिरकला नाही; विचारायचं नसतं म्हणजे नसतं. चीड मलाच यायची. कुणावर ते आता सांगायला नको. एकदा मी म्हणालो, "मामा, तुझा दात कुठल्यातरी दिवाणखान्यात खिळ्याला टांगलेला असेल. पाहुणे आले की दाखवत असतील, हे बघा, बेटावरच्या म्हाताऱ्याने दिलं."

मामाने वाकस थांबवला नाही. "हेनिंगने घेतलाय तो," म्हणाला.

तिसऱ्या वर्षी जून महिन्यात तांबडं शीड प्रवाळातल्या वाटेने आत आलं. पोरं ओरडत किनाऱ्यावर धावली आणि पाण्याशी जाऊन थबकली. छोट्या होडीतून उतरताना बिर्गिट काळ्या कपड्यांत होती. कमरेला तिने चटई गुंडाळली होती, इथे शिकून स्वतः विणलेली, आमच्या बायका मयतीला गुंडाळतात तशी. हेनिंगने कमरेला काळं वस्त्र नेसलं होतं. बायकांनी ते पाहिलं आणि एकीने तिथेच रडायला सुरुवात केली.

मामा घरात चटईवर बसून होता. हेनिंग दारातून गुडघ्यांवर सरकत आत आला, मांडी घालून बसला, नीट बसला, आणि तो दात दोन्ही हातांत धरून आमच्या भाषेत बोलला. शब्द तुटक होते, पण प्रत्येक शब्द पाठ करून आणलेला होता. त्याने सांगितलं की तुम्ही सोपवलेलं काम माझ्याच्याने झालं नाही, म्हणून मी हा परत आणला आहे. ज्यांना रीत कळत नाही म्हणून मी दोन वर्षं हसलो होतो, त्यांनी ती माझ्याहून चांगली पाळली होती.

मामाने दात घेतला. टाळ्या वाजवल्या. स्वीकारताना म्हणायचे शब्द म्हटले, एकही न चुकवता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता त्यांना सगळं सांगू दे. तू मला सांगत जा."

बिर्गिट सांगत गेली आणि मी आमच्या भाषेत बोलत गेलो. दोन वर्षं वादळांच्या महिन्यांत ती दोघं फोटो घेऊन बागेबागेतून फिरली होती. कालिवाती नावाचा माणूस कुठल्याच वहीत नव्हता. शेवटी फळं निवडणारी एक म्हातारी फोटो बघून म्हणाली, हा तर आमचा नेतानी. छाती भरून ताप आला होता त्याला. दवाखान्यात कागद मागतील म्हणून तो गेला नाही, कामगारांच्या चाळीतल्या पोरांनी काढा करून दिला, आठव्या दिवशी तो वारला. बिर्गिटने फोटो पुढे ठेवला. गवतात एक लहान दगड, दगडावर माझं नाव, माझ्या बापाचं नाव. मामाने चष्मा लावून ते हळूहळू वाचलं.

इथे मी थांबलो असतो. पण बिर्गिटचं संपलं नव्हतं. तिने तिथल्या कचेरीत अस्थी मागितल्या तेव्हा तिला सांगण्यात आलं की नेतानीच्या घरच्यांनीच मागायला हव्यात, आणि त्याच्या घरच्यांना तेव्हाच पत्र पाठवलं होतं, उत्तर आलं नाही.

मामा म्हणाला, "काय म्हणाली ती?"

मी ते सांगितलं. मग कुणी न विचारता उरलेलंही सांगितलं. निळं पुस्तक, पाकीट, चूल, वर ठेवलेला चहा. सगळं घर ऐकत होतं. माझी आई दाराशी बसली होती, तिने तोंड ओंजळीत झाकलं. पाकीट आलं तेव्हा मामी जिवंत होती, हे मला बोलून दाखवावं लागलं नाही. ते सगळ्यांनी आपापलं मोजलं.

मामाने चष्मा काढून ठेवला. मग तो हेनिंगकडे बघून म्हणाला, "नेतानी, त्यांना सांग, नाव आमच्याकडूनच चुकीचं गेलं होतं. त्यांचं काम त्यांनी केलं." ते मला इंग्रजीत सांगावं लागलं. हेनिंग रडत होता. मामा पुढे सरकला आणि त्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, पाहुण्यांना वाढा, लांबून आलेत.

शंभर रात्रींचं सुतक मामाने पाळलं. प्रेत नसताना पाळलं. त्या दिवसांत मी पुढच्या बोटीने राजधानीला, सुवाला जाऊन सगळं कबूल करून आलो. खुर्ची गेली, सहा महिने आत काढावे लागतील असं वाटलं होतं, ते दंडावर भागलं. अस्थींचा अर्ज मी केला आहे. जो माणूस वहीत मेला आहे त्यानेच अर्ज केल्यामुळे कुणाला काय करावं ते सुचत नाही, आणि कागद अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आहे. मामा माझ्याशी बोलत नसे. मी रोज जायचो, पाणी भरायचो, लाकूड वाहायचो आणि यायचो. घरातली एक सुईही मी परत कधी उचलली नाही.

सुतक फिटल्यावर चौथ्या दिवशी मामा मोठा ओंडका फिरवत होता. त्याला एकट्याला ते जमेना. मी पाण्याच्या डब्यांपाशी उभा होतो.

"कालिवाती," तो म्हणाला, "हे टोक धर."

तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी जाऊन धरलं.

तेव्हापासून तो मला त्याच नावाने हाक मारी. सगळ्यांसमोर, चर्चच्या दारातसुद्धा. आई आधी घाबरली, म्हातारा भ्रमला म्हणाली. तो भ्रमला नव्हता. परातींची मापं चुकत नव्हती. मी विचार करून करून थकलो की ही माफी आहे की शिक्षा. हाक आली की मी ओ द्यायचो. विचारायची हिंमत झाली नाही.

दोन वर्षांनी मामा आजारी पडला. पोटात पाणी झालं होतं. महिन्याची बोट यायला अजून बारा दिवस होते आणि तो तेवढे काढणार नाही हे नर्सने सांगितलं होतं. दुपारी मी त्याला नीरफणस कुस्करून भरवत होतो. अंगात ताप होता. त्याने घास तोंडातून बाहेर येऊ दिला आणि माझ्याकडे नीट पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं नाही, फार ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं.

"इतका उशीर का केलास यायला?" म्हणाला. "तुझी आई वाट बघून गेली."

मी वाटी खाली ठेवली. कोण बोलणार होतं, मी की कालिवाती, ते मला ठरवावं लागलं.

"बाबा," मी म्हणालो, "मी निरोप पाठवला होता. नेतानीने तो पोचू दिला नाही."

मामाने हात उचलून माझ्या नाकाला, आमच्या त्या रुंद नाकाला, बोट लावलं.

"त्याला काही बोलू नकोस हं," तो म्हणाला. "भित्रा आहे तो, पहिल्यापासून. पण पोर आपलंच आहे."

मी हो म्हणालो. वाटीतलं उरलेलं त्याने खाल्लं नाही.